जित्या माणसाचा सांगावा

सोनबाला चालायला कुणी शिकवलं नाही, ते तो सगळ्या पोरांसारखा आपलं आपण शिकला. उभं राहायला मात्र त्याच्या बापानं शिकवलं.

भाटघरच्या पाण्याच्या कडेला त्यांचं गाव. गावाच्या खालच्या अंगाला महारवाडा, पंधरा घरांचा. येसकराची, म्हणजे गावच्या चाकरीची कामं घरोघर पाळीनं फिरायची, पण एक काम सोनबाच्या घराला कायमचंच चिकटलं होतं. गावात कुणी मेलं की परगावच्या लेकीबाळींना, सोयऱ्यांना कळवायला सोनबाचा बाप निघायचा. मग कामथडीला जायचं असो की वेल्ह्याकडच्या डोंगरात. बापाचे पाय लांब आणि तोंड बंद, म्हणून हे काम त्याला दिलं असं गावातले शहाणे सांगायचे. एरवी त्या बापाचं नावही त्यांना धड आठवत नसे, पण घरात मढं पडलं की बरोबर आठवायचं.

सोनबा अकरा वर्षांचा असताना बापानं त्याला पाण्याच्या काठावर नेलं आणि उभं केलं. सांगावा नेणाऱ्यानं वेशीबाहेर कसं उभं राहायचं, ते शिकवायला. पायातलं काढून बाजूला ठेवायचं. मुंडासं सोडून खांद्यावर टाकायचं. काठी उलटी धरायची, मूठ मातीला टेकवून. मान खाली. आणि आपण होऊन बोलायचं नाही. आतून कुणीतरी बघेल, बाहेर येईल, विचारील, मग तोंड उघडायचं.

"आन् मग काय सांगायचं?" सोनबानं विचारलं.

"जास्त हाय म्हनायचं. बिगी बिगी चला म्हनायचं."

"मेला न्हाई म्हनायचं?"

बापानं फाडकन त्याच्या थोबाडीत दिली. "त्यो सबुद आपल्या तोंडातनं काडायचा न्हाई. आपुन म्हनलं तर आपुनच मारला आसं हुतंय."

सोनबाला ते पटलं की नाही कुणास ठाऊक. अकराव्या वर्षी पटवून घ्यायचं नसतं, अंगात भिनवून घ्यायचं असतं. बाप गेला आणि बापाचाच सांगावा घेऊन सोनबा पहिल्यांदा एकटा निघाला, आत्याच्या गावाला. तिथंही तो वेशीबाहेर उभा राहिला, काठी उलटी धरून, मान खाली घालून. सख्ख्या आत्यानं त्याला बघितलं आणि ऊर बडवून घेतला. आपल्याच भाच्याला जवळ घ्यायचं तिला सुचलं नाही.

त्यानंतरची तीसेक वर्षं तो हेच करत राहिला. पार वरच्या धनगरवाड्यावर त्याची सगळ्यात जास्त ये-जा. साडेतीन तासांची चढण, सात-आठ घरं, शेळ्यामेंढ्यांचे वाडे आणि पाऊस उतरला की चहूकडे नुसतं गवत. या धनगरांच्या लेकी खाली दिलेल्या, खालच्या लेकी वर आणलेल्या. वाड्याच्या पन्नास पावलं अलीकडे एक काळा धोंडा होता. सोनबा तिथं थांबायचा, त्याच्या पुढं नाही. सांगून झालं की घरातली म्हातारी एक भाकरी आणून त्या धोंड्यावर ठेवायची, आणि ती माघारी वळली की सोनबानं ती उचलायची. वाईट नव्हती ती माणसं. त्यांनाही खालच्या गावात कुणी ओट्यावर बसवून घेत नसे, भोरच्या हॉटेलात त्यांना दाराशीच चहा मिळे. तरी सोनबासाठी त्यांच्याकडेही एक धोंडा होताच. आपल्या खाली कुणीतरी उभं असलं की माणसाला जरा बरं वाटतं, डोंगरावरही वाटतं.

या तीस वर्षांत एक गोष्ट मात्र झाली, आणि ती सोनबाला कळायला फार वेळ लागला. डोंगरात कुठंही तो नुसता दिसला तरी बायका घरात शिरायला लागल्या. एकदा तो हरवलेली शेळी शोधत एका पाड्यावर गेला, तर एका बाईनं हंबरडाच फोडला. शेळी शोधतोय हे तिला पटवेस्तोवर शेळी दुसऱ्या डोंगरावर गेली. महारवाड्यात हे सांगून लोक पोट धरधरून हसले. सोनबाही हसला, पण त्या दिवशी तो जेवला नाही.

मग सत्तावन्न साल आलं. आदल्या वर्षीचं नागपूरचं वारं भोर खोऱ्यात पोचलं. महारवाड्यानं देव पाण्यात सोडले, मेलेली ढोरं ओढायची बंद केली, दारोदारची भाकर बंद केली, आणि महारवाड्याचा बुद्धवाडा झाला. सगळ्या वस्तीसमोर शपथा झाल्या. देवाचं नाव घ्यायचं नाही, देवाची आण घ्यायची नाही. आणि सोनबाच्या वाटचं वेगळं एक कलम त्याच्या पोरानं, साहेबरावानं, उभं राहून मांडलं: मयताचा सांगावा कुणी न्यायचा नाही. साहेबराव तेव्हा पंधरा वर्षांचा, आवाज नुकताच फुटलेला. सोनबानं बापाची काठी आणली आणि भाटघरच्या पाण्यात लांब भिरकावली. काठी लाकडाची, ती कसली बुडते. दोन दिवस काठाला येऊन लागत होती, शेवटी रतनबाईनं, सोनबाच्या बायकोनं, ती चुलीत घातली.

पुढची नऊ वर्षं सोनबाची बरी गेली असं म्हणायला हरकत नाही. कापूरहोळच्या फाट्यावर सरकारी रस्त्याच्या टोळीत तो खडी पसरायला जाऊ लागला. साहेबराव भोरला शाळेत शिपाई झाला आणि पहिल्या पगारातून त्यानं बापाला टायरच्या सोलाच्या जाडजूड चपला घेतल्या. त्या घालून सोनबा गावातल्या वरच्या आळीतून गेला. ओट्यावरच्यांनी बघितलं, एकानं खाकरून थुंकलं, पण बोललं कुणी नाही. घरी आल्यावर रतनबाईला तो म्हणाला, "पाय शेकल्यागत वाटतुया." ती म्हणाली, "नव्या हायती, चावत असतील." चपलांचा त्यात काही दोष नव्हता.

सहासष्ट सालच्या माघातली गोष्ट. सकाळची दहाची वेळ, फाट्यावर डांबराची पिंपं तापत होती. वरच्या वाड्यावरचा सावळा धनगर पुण्याच्या ट्रकात बकरी चढवत होता. ट्रक मागं आला. सावळा ट्रक आणि दगडी कठडा यांच्या मध्ये सापडला. सोनबानं आणि टोळीतल्या दोघांनी त्याला बाहेर काढला, त्याच ट्रकात घालून भोरच्या दवाखान्यात नेला. शुद्धीवर होता. कमरेखाली मात्र सगळं चिरडल्यासारखं झालं होतं.

डॉक्टर साधा, समजूतदार माणूस होता. आतून रक्त जातंय, पुण्याला न्यायला हवं, उद्या दुपारच्या आत पोचला तर आशा आहे, असं त्यानं सांगितलं. गाडीही मिळवून देतो म्हणाला. पण सावळा हटून बसला. पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात गेलेला माणूस माघारी येत नाही, हे डोंगरातल्या पोराटोरांनाही ठाऊक. बायको आल्याशिवाय तो हलणार नव्हता.

"धोंडाला आन, सोनबा," तो म्हणाला. "माज्या भावाला, बाजीला बी आन. वाड्याची वाट हितं दुसऱ्या कुनाला ठाव हाय? जित्ता हाय म्हनून सांग."

सोनबा उठला तसा साहेबराव आडवा आला. शाळेतून खबर ऐकून तो धावत आला होता. "आबा, तुमी जायाचं न्हाई. शपत घेतलीया."

"ती मयताची शपत," सोनबा म्हणाला. "ह्यो जित्या मानसाचा सांगावा हाय."

हे बोलताना त्याचा चेहरा असा काही उजळला की साहेबराव बाजूला झाला. हे नीट ध्यानात ठेवा, कारण पुढं जे झालं ते सोनबाच्या कंटाळ्यानं किंवा भीतीनं झालं नाही. तो आनंदात निघाला होता. पन्नाशी उलटलेला माणूस, एसटीतून उतरला, घरी क्षणभर थांबून चढणीसाठी एक काठी घेतली आणि पोरासारखा डोंगर चढू लागला. आयुष्यात पहिल्यांदा तो वरच्या वाड्याला जित्या माणसाची खबर नेत होता. वाटेत त्यानं सगळं ठरवून टाकलं. धोंड्यापाशी थांबायचंच नाही. खालच्या टेपावरूनच, त्या उंचवट्यावरूनच ओरडायचं, सावळा जित्ता हाय, चला. पलिते पेटवून लगेच उतरायचं, सकाळची पहिली गाडी धरायची, आठाच्या आत भोर. दुपारपर्यंत सावळा पुण्यात.

दिवस मावळायला तो टेपावर पोचला. दम लागला होता, ओरडायला छातीत वारा नव्हता, म्हणून म्हणाला जरा वर जाऊन ओरडू. वर गेला. धोंडा आला.

आणि त्याचे पाय थांबले.

त्यानं थांबवले नाहीत. ते थांबले. चपला पायातून निघून बाजूला झाल्या. मुंडासं घामानं भिजलं होतं, ते सोडून खांद्यावर आलं. काठीची मूठ मातीला टेकली. मान खाली गेली. बापानं पाण्याच्या काठावर उभं केलेला अकरा वर्षांचा पोर तिथं उभा राहिला, आणि कुणी विचारीपर्यंत तोंड उघडायचं नाही म्हणून गप्प राहिला. किती वेळ? एक बाई पाण्याची घागर घेऊन वाकली होती, ती सरळ होऊन वळेपर्यंत. तेवढाच वेळ.

ती बाई धोंडाबाई होती, सावळ्याची बायको. तिनं सोनबा बघितला. घागर हातातून सुटली. नऊ वर्षांनी आलेला सोनबा, धोंड्यापाशी, अनवाणी. आणि घरचा कोण खाली गेलाय, हे तिला विचारायची गरज नव्हती. ती धावत वाड्याच्या खांबाकडे गेली आणि दोन्ही मनगटं तिनं त्या खांबावर आपटली.

बांगड्या फुटल्याचा आवाज ऐकला तेव्हा सोनबा जागा झाला. "जित्ता हाय!" तो ओरडला. "सावळा जित्ता हाय! भोरला हाय! जास्त हाय, चला बिगी बिगी!"

तेच शब्द. दुसरे त्याच्याकडे नव्हतेच. सगळा वाडा गोळा झाला. रडण्याचा एकच कल्लोळ उठला. सावळ्याची आई भामाबाई भिंतीला टेकून खाली बसली आणि तिनं सुनेच्या कपाळावरून आपल्या हातानं कुंकू पुसलं. सोनबा धोंड्याच्या पुढं पाऊल टाकून आला, तर दोन कुत्री आणि चार माणसं अंगावर आली.

"भामाबाय, आयका माजं. म्या मयताचा सांगावा आनला न्हाई. म्या शपत घेतलीया."

"तुजा बाप बी आसंच म्हनला हुता," भामाबाई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "माजा धनी गेला तवा. जास्त हाय, चला म्हनला. चांगला हुता तुजा बाप. तू बी चांगला हायस."

सावळ्याचा धाकटा भाऊ बाजी पुढं आला. त्याचे डोळे लाल. "सोनबा, जित्ता आसंल तर बिरोबाची आन घे."

आता इथं सोनबानं काय करावं? नऊ वर्षांपूर्वी सगळ्या वस्तीसमोर, पोरासमोर, तो म्हणाला होता की देवाची आण घेणार नाही. त्या एका गोष्टीवर त्याच्या चपला उभ्या होत्या, त्याचं वरच्या आळीतून जाणं उभं होतं. त्याच्या ओठांवर आलं होतं की बुद्धाची आण घेतो. पण त्या आणेला या वाड्यावर कोण विचारणार? खाली एक माणूस मरत होता. सोनबा गप्प राहिला. फार नाही, दोन श्वास. मग म्हणाला, "बिरोबाची आन. जित्ता हाय."

"थांबलास तू," बाजी म्हणाला.

झालं. शपथही गेली आणि आणही वाया गेली. सोनबा हातापाया पडला, डॉक्टरचं बोलणं सांगितलं, पुण्याचं सांगितलं, दुपारचं सांगितलं. लोक मान हलवत होते, तोंडदेखलं व्हय व्हय म्हणत होते. माणूस किती जीव तोडून सांगतोय, दुःख हलकं करायला बघतोय, असं त्यांच्या तोंडावर दिसत होतं. पलिते पेटवून आत्ताच निघू असं तो म्हणाला, तेव्हा बाजीच बोलला, "मढं काय पळून जातंय? सकाळच्याला पलीकडच्या वाड्यावरची भावकी येऊ दे. मग निघू."

सोनबा धोंड्यापाशी बसून राहिला. भावकी यायला दिवस चांगला वर आला. धोंडाबाईला उठवून चालवत न्यायला आणखी वेळ गेला. उतरताना सोनबा पुढं पळायचा आणि थांबून मागं बघायचा, पुन्हा पळायचा. मढ्याला आणायला निघालेली माणसं ज्या चालीनं चालतात, त्या चालीनं ती चालत होती. दुपारची गाडी गेली होती. भोरच्या दवाखान्यात ती पोचली तेव्हा चार वाजून गेले होते.

सावळा जिवंत होता. तोंड राखेसारखं झालं होतं, पण डोळे दाराकडे लागले होते. सकाळपासून डॉक्टरनं दोनदा विनवलं होतं, आता तरी चल म्हणून. सावळा म्हणत होता, सोनबा येईल.

धोंडाबाई दारात आली आणि त्याला बघून तिनं दाराची चौकट धरली. सावळ्यानं तिच्याकडे बघितलं. तिच्या मनगटांकडे बघितलं, तिथं काचांचे ओरखडे होते. कपाळाकडे बघितलं. मग त्यानं सोनबाकडे नजर वळवली.

"जित्ता हाय म्हनून सांग म्हनलो हुतो तुला."

"सांगितलं," सोनबा म्हणाला. "आईच्यान सांगितलं."

सावळ्यानं तोंड भिंतीकडे फिरवलं. गाडी आणायला डॉक्टर स्वतः धावला, पण आता जायचं का नाही हे सावळ्याला विचारायची गरज उरली नव्हती. दिवे लागायच्या आत तो गेला.

बाहेर लिंबाखाली साहेबराव बापाची वाट बघत होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं. आणि पोरंच विचारू शकतात असलं एक त्यानं विचारलं.

"आबा, तितं चपला काडल्या हुत्या का तुमी?"

"न्हाई," सोनबा म्हणाला. पोराशी तो पहिल्यांदा खोटं बोलला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मढं हाती आलं. भावकीतले लोक ते घेऊन हळूहळू वर येणार होते. बाजी सोनबाजवळ येऊन उभा राहिला. त्याचा रात्रीत म्हातारा झाला होता. "सोनबा, तू म्होरं हो. आईला सांग. आनखी कुनाला धाडू?"

साहेबराव काही बोलायच्या आत सोनबा म्हणाला, "जातो."

त्यानं या खेपेला काठी घेतली नाही. मुंडासं घट्ट आवळून बांधलं. चपलांचे पट्टे दोनदा बघितले. अख्ख्या चढणीत तो एकच वाक्य मनात म्हणत होता, बापानं थोबाडीत मारून ज्याच्यावर बंदी घातली होती ते. सावळा मेला. सावळा मेला. हे तोंडानं म्हणायचं, चपला घालून म्हणायचं, त्यांच्या अंगणात उभं राहून म्हणायचं. एकदा तसं म्हटलं की परवा त्यांनी जे धरून चाललं ते खोटं होतं हे त्यांना कळेल. परवा आपण मयताचा सांगावा आणला नव्हता, तो आत्ता आणलाय, हे त्यांना कळेल. एवढंच त्याला हवं होतं.

तो धोंडा ओलांडून गेला. थांबला नाही. चपला फटफट वाजवत सरळ भामाबाईच्या अंगणात गेला. कुत्री भुंकली, पण माणसं कुणी आडवी आली नाहीत. भामाबाई दारात बसून कोकराला बाटलीनं दूध पाजत होती.

"भामाबाय," सोनबा म्हणाला. "सावळा मेला. काल दिस मावळताना मेला."

कुणी रडलं नाही. घरातून कुणी बाहेरही आलं नाही. भामाबाईनं मान वर केली, आणि सोनबाकडे ओळखीच्या माणसाकडे बघावं तसं बघितलं.

"ठाव हाय की," ती म्हणाली. "तू परवाच न्हाई का सांगून गेलास."

"परवा त्यो जित्ता हुता, भामाबाय."

"व्हय बाबा." तिनं कोकराच्या तोंडात बाटली नीट धरली. "तुजी परवाची भाकर धोंड्यावरच राहिलीया. गडबडीत न्हेली न्हाईस. जाताना घेऊन जा."

तिनं त्याच्या पायाकडे बघितलंच नव्हतं.

सोनबा वळला. धोंड्यावर भाकरी होती, दोन दिवसांची, वाळून कडा वर आलेल्या, तिच्यावर मुंग्या लागलेल्या. त्यानं तिला हात लावला नाही. बाजूनं निघून गेला, आणि भाकरीला हात लावला नाही एवढं तरी आपल्याकडून झालं, घरी गेल्यावर साहेबरावाला एवढं तरी खरं सांगता येईल, असं त्याच्या मनात आलं. टेपाच्या खाली उतरणीला एक बोराटीचा काटा त्याच्या टाचेत कचकन घुसला. तो काढायला सोनबा खाली बसला, तेव्हा त्याला दिसलं की चपला त्याच्या हातात आहेत. कुठं काढल्या, ते त्याला आठवेना.